कंसातला बुधवार

प्रिय ताई,

माझा मुलगा तेरा वर्षांचा, आठवीत आहे. सहावीपर्यंत शाळेतून आला की दप्तर टाकायच्या आधीच त्याची टकळी सुरू व्हायची. आता "शाळा कशी झाली?" विचारलं की "ठीक". आणखी काही विचारलं की खोलीचं दार बंद. मार्क अजून फारसे घसरलेले नाहीत, पण वर्गशिक्षिका म्हणतात, "हुशार आहे, पण लक्ष नसतं. हात वर करणं तर सोडूनच दिलंय." मी रोज संध्याकाळी दोन तास शेजारी बसून अभ्यास घेते, त्याचा शेवट भांडणात होतो. त्याच्या बाबांनी ८५ टक्के मिळाले तर नवा फोन कबूल केलाय, त्यानेही चारच दिवस फरक पडला. यंदा तुकड्या नव्याने पाडल्या. तेव्हापासून एका नव्या मुलाबरोबर असतो, तो अभ्यासात यथातथाच. गणिताचा पुढे काय उपयोग होतो हे त्याला शंभरदा सांगून झालंय. रात्री बारापर्यंत जागा, सकाळी तीनदा हलवावं लागतं. (बुधवारी मात्र आपणहून उठतो.) पोर हातातून निसटतंय असं वाटतं. माझं कुठे चुकतंय?

– एक आई

*

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात मलाच दमल्यासारखं झालं. रोजची ती दोन तासांची बैठक तुम्हा दोघांचं काय करत असेल ते जाणवलं. दुसऱ्या वाचनात मात्र मी त्या कंसापाशी अडले. अख्ख्या पत्रात मुलाबद्दलची चांगली बातमी एकच, आणि नेमकी तीच तुम्ही कंसात टाकलीत.

जे पोर आठवड्यातून एक दिवस न हलवता उठतं, त्याला सगळीच शाळा नकोशी झालेली नाही. शाळेतलं काहीतरी नको झालंय आणि काहीतरी अजून हवं आहे. ही दोन 'काहीतरी' कोणती, ते आधी शोधू या. त्याचं वेळापत्रक काढा आणि बुधवारचा रकाना इतर दिवसांच्या शेजारी ठेवून बघा. बुधवारी काय असतं ते तर बघाच, पण बुधवारी काय नसतं तेही बघा. हा दुसरा प्रश्न सहसा पालकांना सुचत नाही. त्या दिवशी चित्रकला असेल, प्रयोगशाळा असेल, म्हणून स्वारी खूश असेल असं आपण धरून चालतो. कधी कधी त्या दिवशी एक ठरावीक तास नसतो, कारण तेवढंच असतं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. सव्वीस वर्षं मी गणित शिकवलं. एकदा आठवीच्याच वर्गात माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत एका मुलाने उत्तर देऊन टाकलं, आणि ते चुकलं. मी म्हणाले, "गाडी चुकते आहे का रे तुझी?" वर्ग हसला, मीही हसले. तोही हसला, म्हणून मला वाटलं विषय संपला. त्यानंतर त्याची वही पूर्ण असायची, गृहपाठ वेळेवर असायचा, तक्रारीला जागाच नव्हती. फक्त प्रश्न विचारायला मी फळ्याकडून वळले, की तो मान खाली घालून कंपासपेटीत काहीतरी शोधायला लागायचा. रोज. त्या कंपासपेटीत शोधण्यासारखं काही नाही हे कळायला मला तीन आठवडे लागले. मी त्याला एकट्याला गाठून चूक कबूल केली. "काही नाही बाई," म्हणाला. हात वर यायला पुढचं सत्र उजाडलं.

तुमच्या मुलाच्या बाबतीत असंच घडलंय असं मी म्हणत नाही. पण 'लक्ष नसतं' आणि 'हात वर करत नाही' या दोन वेगळ्या बातम्या आहेत, एवढं ध्यानात घ्या. जेनिफर फ्रेड्रिक्स, फिलिस ब्लूमेनफेल्ड आणि अ‍ॅलिसन पॅरिस या तिघींनी २००४ मध्ये या विषयावरचं तोवरचं संशोधन तपासून एकत्र मांडलं, तेव्हा शाळेशी असलेल्या नात्याचे तीन पदर वेगळे केले. पहिला वागण्याचा: हजेरी, गृहपाठ, वर्गात भाग घेणं. दुसरा भावनेचा: ही जागा माझी वाटते का, इथली माणसं माझी वाटतात का. तिसरा डोक्याचा: अवघड आलं की मूल त्याच्याशी झटतं, की काम उरकतं. बाहेरून दिसतो तो मुख्यतः पहिला, आणि मोजतो तोही आपण तेवढाच. तुमच्या मुलाची हजेरी आहे, मार्क आहेत, म्हणजे पहिला पदर बऱ्यापैकी शाबूत आहे. उसवलाय तो दुसरा, असा माझा अंदाज. मार्क सहसा सगळ्यात शेवटी घसरतात. म्हणजे तुम्ही वेळेवर लिहिलंत.

आता आठवीतच हे का होतं? याचं मला पटलेलं उत्तर जॅकलिन एक्लस आणि कॅरल मिजली या अमेरिकी संशोधक बायकांचं आहे. १९८९ मध्ये त्यांनी मांडलं की या वयात मुलांचं शाळेवरून मन उडतं त्याचं खापर नुसतं वयावर फोडता येत नाही. त्या वयाला जे हवं असतं आणि शाळा नेमकी तेव्हाच जे देऊ लागते, त्यांचा मेळ बसत नाही. बघा ना. बाराव्या-तेराव्या वर्षी पोराला आपलं आपण ठरवावंसं वाटू लागतं, आणि त्याच सुमारास शाळेत नियम वाढतात, वही कुठल्या रंगाने अधोरेखित करायची इथपर्यंत. याच वयात ते स्वतःकडे दुसऱ्यांच्या नजरेतून बघायला शिकतं, आणि नेमके तेव्हाच मार्क वर्गात मोठ्याने वाचले जातात, क्रमांक लागतात, हुशारांचा गट वेगळा बसतो. आईबापांखेरीज एखादं मोठं माणूस आपलं असावं, ही ओढही तेव्हाचीच. पूर्वी दिवसभर एकच बाई असायच्या, त्यांना या मुलाचं हसणं-रुसणं माहीत असायचं. आता सात-आठ शिक्षक येतात, तासाभरात निघून जातात. त्यांतल्या एखाद्याला वर्षाच्या मध्यावरही मुलाचं नाव आठवत नाही. मी स्वतः हे केलेलं आहे. पाच तुकड्या होत्या मला.

त्यात तुमच्याकडे तुकड्याही बदलल्या. तुम्ही ते मित्राच्या संदर्भात जाता जाता लिहिलंत, पण मला ते मोठं कारण वाटतं. एकाच वेळी किती बदल अंगावर येतात त्यावर बरंच अवलंबून असतं, असं रॉबर्टा सिमन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९८७ च्या सुमारास दिसलं होतं. वयात येणं, नवी शाळा, घर बदलणं अशा गोष्टी एकेकट्या आल्या तर मुलं निभावून नेतात. एकदम आल्या तर मार्क, आत्मविश्वास, शाळेतला सहभाग अशा सगळ्यांवर त्याचा ताण दिसतो. तुमच्या लेकाचा आवाज फुटत असेल, तुकडी नवी आहे, बाकावरचा जुना सोबतीही कदाचित दुसऱ्या वर्गात गेला असेल. एवढं सगळं होऊन तो संध्याकाळी "ठीक" म्हणतो. माझ्या मते बऱ्यापैकी टिकाव धरलाय त्याने.

म्हणूनच त्या नव्या मित्राला हात लावू नका. वाईट संगत हा आपला लाडका खुलासा आहे, कारण त्यात दोष बाहेरच्याचा असतो. मित्रांचा प्रभाव पडतो हे खरं. पण अनोळखी वर्गात ज्याने शेजारी जागा दिली, तो मुलगा आत्ता तुमच्या मुलाला शाळेत धरून ठेवणाऱ्या मोजक्या धाग्यांपैकी एक असू शकतो. वर्गात एकही आपलं माणूस नसलेलं मूल यथातथा मित्र असलेल्या मुलापेक्षा कितीतरी अधिक अडचणीत असतं. त्या मुलाला घरी बोलवा आणि परीक्षक होऊन समोर बसू नका.

आता शाळेला लावली तीच फूटपट्टी घराला लावते. राग मानू नका. आपलं आपण ठरवण्याची भूक लागलेल्या मुलाला तुम्ही रोज दोन तास देता ते पूर्णपणे तुमच्या हातातले. कुठला विषय आधी, किती वेळ, कुठे बसून, सगळं तुम्ही ठरवता. नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांनी २००९ मध्ये नेमक्या याच वयोगटाच्या पालकांवरची पन्नास अभ्यासांची आकडेवारी एकत्र तपासली. पालक लक्ष घालतात ते उपयोगाचं ठरतं का, तर एकंदरीत ठरतं. पण शेजारी बसून गृहपाठ करून घेण्याचा यशाशी चांगला संबंध दिसला नाही. उलट दिशाच दिसली. (अर्थात जिथे मूल आधीच मागे पडलेलं असतं तिथेच पालक जास्त बसत असतील, हेही खरं.) सगळ्यात घट्ट संबंध दिसला तो वेगळ्याच गोष्टीचा: शिक्षणाला या घरात किंमत आहे हे मुलाला जाणवणं, त्याच्याकडून काय अपेक्षा आहे ते मोकळेपणाने बोलणं, शिकण्याच्या युक्त्यांवर गप्पा मारणं, पुढे काय करायचंय याचे बेत त्याच्याबरोबर आखणं.

तेव्हा ती बैठक मोडा. चिडून मोडू नका, "कर तुझं तू, मग बघू" अशा सुरात तर मुळीच नको. शांतपणे सांगा: "आजपासून अभ्यास कधी आणि कुठला आधी ते तू ठरव. अडलं तर हाक मार, मी पंधरा मिनिटं येईन. रविवारी आपण बसून आठवडा कसा गेला ते बघू." रविवारची ती बैठकही वीस मिनिटांवर जाऊ देऊ नका. पहिले दोन-तीन आठवडे गोंधळ होईल हे आत्ताच सांगून ठेवते. एखादा गृहपाठ राहील, शाळेतून शेरा येईल. त्या संध्याकाळी तुमचा हात आपसूक त्याच्या दप्तराकडे जाईल. आवरा. दोन तास शेजारी बसण्यापेक्षा हे अवघड आहे, मला कल्पना आहे.

फोनचं बक्षीस. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी चित्रं काढायची मनापासून आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना ते न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच दिलं नाही. पुढे मोकळ्या वेळात, आधी कबूल करून बक्षीस मिळालेली मुलं इतरांच्या निम्माच वेळ चित्रांपाशी रमली. ती मुलं लहान होती आणि गोष्ट चित्रांची होती, भूमितीची नव्हे. कंटाळवाण्या कामाला बक्षिसाने गती येते, हे मीही पाहिलंय. पण तुमच्या मुलाला जे हवंय ते फोनमध्ये नाही, म्हणून चार दिवसांतच त्याची नवलाई संपली. कबूल केलंय तर बाबांनी शब्द पाळावा. दिलेला शब्द फिरवणं याहून महाग पडेल. पुढचा सौदा मात्र नको.

गणिताच्या उपयोगाची शंभर भाषणं बंद केली तरी चालतील. ख्रिस हलमन आणि ज्युडिथ हॅराकविट्झ यांनी २००९ मध्ये नववीच्या विज्ञानाच्या वर्गांत एक साधी गोष्ट करून पाहिली. काही मुलांना शिकलेल्या भागाचा सारांश लिहायला सांगितला आणि काहींना त्या भागाचा स्वतःच्या आयुष्याशी काय संबंध आहे ते लिहायला सांगितलं. आपल्याला हा विषय जमणार नाही असं ज्यांना वाटत होतं, त्या मुलांची गोडी आणि मार्क दोन्ही दुसऱ्या पद्धतीने वाढले. संबंध शोधला होता तो मुलांनी. आपण शोधून हातात दिला की तो आपला राहतो.

झोपेबद्दल थोडंच. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री झोप उशिरा येऊ लागते. तो आळस नाही. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, आणि अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर २०१४ मध्येच सांगितलं की या वयाच्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी भरवू नये. शाळेची वेळ तुमच्या हातात नाही. रात्री सगळ्यांचे फोन खोलीबाहेर ठेवणं हातात आहे. सगळ्यांचे म्हणजे बाबांचाही. आणि हो, डोळे तपासून घ्या. हसू नका. फळा धूसर दिसतो हे पुष्कळ मुलांना स्वतःलाच कळत नाही, आणि शेरा येतो 'लक्ष नसतं'.

आता वर्गशिक्षिका. त्या "हुशार आहे, पण" म्हणाल्या, म्हणजे त्यांनी मुलाकडे पाहिलंय. ही तुमची जमेची बाजू. १९९७ मध्ये कॅथरिन वेंटझेल यांनी या वयाच्या मुलांनाच विचारलं होतं, आपली काळजी असलेले शिक्षक कसे ओळखता? मुलांनी गोडगोड बोलणाऱ्यांची नावं घेतली नाहीत. ऐकून घेतात, सगळ्यांना सारखं वागवतात, माझं काय चुकलं ते मलाच नीट सांगतात, स्वतःचा विषय मन लावून शिकवतात, अशी लक्षणं सांगितली. आणि असे शिक्षक आहेत असं ज्यांना वाटत होतं, ती मुलं जास्त मेहनतही घेत होती. बाईंना भेटायला जाल तेव्हा 'जरा लक्ष ठेवा' म्हणू नका. शाळेत त्याचा अर्थ पहारा होतो. त्यापेक्षा असं काही लिहून द्या:

"पूर्वी तो वर्गात बोलायचा, हे तुम्ही सांगितल्यामुळे माझ्या लक्षात आलं, आभार. कुठल्या तासाला तो जास्त गप्प असतो आणि कुठल्या तासाला खुलतो, एवढं जमेल तसं सांगाल का? आणि त्याला एखादं खरं काम देता आलं तर बघा. प्रयोगाचं साहित्य मांडणं चालेल, लहान वर्गातल्या एखाद्याला समजावणं चालेल. मी घरी अभ्यास घेणं कमी करते आहे, त्यामुळे थोडे दिवस वह्या अपुऱ्या दिसतील. त्यावर वर्गासमोर न बोलता त्याला एकट्याला विचारलंत तर बरं होईल."

शेवटचं वाक्य गाळू नका. कंपासपेटीवाल्या मुलाच्या आईने मला असं काही लिहून दिलं असतं, तर त्याचे तीन आठवडे वाचले असते.

एक सावधगिरी. सकाळी शाळेच्याच वेळी पोटात किंवा डोक्यात दुखणं, वस्तू सारख्या हरवणं किंवा फाटून येणं, एखाद्या ठरावीक वाटेने जायला नकार, जेवण-झोप बिघडणं, पूर्वीच्या कशातच रस न उरणं, यातलं काही दिसलं तर वरचं सगळं बाजूला ठेवा. कुणीतरी त्रास देतंय का हे शाळेशी बोलून पाहा, डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना गाठा. 'जगून काय करायचं' अशा अर्थाचं काही बोलला तर त्याच दिवशी. तुमच्या पत्रात उशिरा झोपण्याखेरीज यातलं काही नाही, आणि बुधवार आहे. म्हणून मी इतक्या निवांतपणे लिहू शकते आहे.

त्या बुधवारचं आता त्याला कसं विचाराल? समोर बसवून "बुधवारी काय असतं रे शाळेत?" असं विचारलंत, तर हा काही सापळा आहे असं समजून पुढच्या बुधवारी तो मुद्दाम लोळत पडेल. या वयाची मुलं शेजारी चालताना बोलतात, समोरासमोर बसवलं की मुकी होतात. कुठे जाता-येता, नजर रस्त्यावर ठेवून विचारा, "आज कुठला तास पटकन संपला?" तेवढंच. उत्तराला "अरे वा, मग त्यातच मन लाव" असं शेपूट जोडू नका. "हं" म्हणा आणि चालत राहा.

"कुठलाच नाही" असं उत्तर आलं तरी बिघडत नाही. येत्या बुधवारी हाक न मारता तुम्ही नुसत्या जाग्या राहा, आणि तो दप्तरात सगळ्यात आधी काय भरतो ते मला कळवा.

– तुमची ताई